वरच्या फ्लॅटचा चौथा लिलाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मधल्या पानांवर बँकांच्या लिलावाच्या जाहिराती येतात, बारीक अक्षरात, बदलापूर अंबरनाथ नालासोपारा विरारचे वन बीएचकेच जास्त. मी त्या रोज वाचतो, कारण आमच्या डोक्यावरचा फ्लॅट त्यात तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा एकही बोली लागली नाही.

आम्ही बदलापूर पूर्वेला राहतो. वरच्या कुटुंबाने 22 लाखांचं लोन काढून घर घेतलं, मग नवऱ्याची नोकरी गेली नि हप्ते थकले. 90 दिवस हप्ता नाही म्हणजे खातं एनपीए (म्हणजे थकीत कर्ज), मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता बँकेला तारण विकू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, मग दाराला कागद चिकटला आणि शेवटी एका दुपारी बँकेचे लोक पोलीस घेऊन आले आणि सील ठोकून गेले. त्या दिवशी वहिनी तुळशीची कुंडी आमच्याकडे ठेवून गेल्या, ती अजून आमच्याच खिडकीत आहे.

पहिल्या लिलावाला रिझर्व्ह प्राईस, म्हणजे बोलीची किमान किंमत, 27 लाख. त्याच विंगमधला तसाच फ्लॅट त्याच सुमारास 23 ला गेला, सोसायटीचा सेक्रेटरी मीच असल्यामुळे कागद माझ्या हातून गेलेत. समोर दोन नवीन टॉवर झालेत, स्टॅम्प ड्युटी फ्री, रजिस्ट्रेशन फ्री असे बोर्ड लागलेत, त्यामुळे आमच्याकडचे रिसेलचे भाव खाली आलेत. अशात बंद पडलेलं घर, तेही 'जसे आहे जेथे आहे', वर दोन वर्षांचा थकलेला मेंटेनन्स घेणाऱ्याच्या गळ्यात, चार लाख जास्त देऊन कोण घेणार? आणि पैसे कसे भरायचे तर 10 टक्के अनामत आधी, बोली लागली की लगेच 25 टक्के पूर्ण करा, उरलेले 75 टक्के 15 दिवसांत. नोकरदार माणसाचं होम लोन 15 दिवसांत पास होतं का हो? लेखी ठरवून ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवता येते असं नियमातच आहे, पण तीनही जाहिरातींत त्याबद्दल एक ओळ नव्हती.

बँकेत जाऊन भेटलो. साहेब म्हणाले, व्हॅल्युएशनच्या खाली गेलो तर उद्या ऑडिटला उत्तर मी देऊ का. त्यांची भीती मला समजते. पण रिझर्व्ह प्राईस मिळत नसेल तर कर्जदार आणि बँक दोघांच्या संमतीने कमी भावातही विकता येतं, तीही तरतूद आहे. कर्जदार सही करायला तयार आहे, मी स्वतः फोनवर बोललो त्याच्याशी, कारण व्याज रोज चढतंय आणि विक्रीतून जे फिटणार नाही ते बँक त्याच्याकडूनच मागणार. त्याला मात्र कुणी विचारलेलंच नाही.

इकडे वरच्या बाल्कनीत कबुतरांनी घरटी केलीत, पावसात पाणी तुंबलं आणि आमच्या हॉलच्या स्लॅबला ओल आली, पंख्याच्या हुकाभोवतीचं प्लास्टर बशीएवढं पडलं. आत जाऊन बघायची परवानगी नाही, दुरुस्ती विकल्यावर नवीन मालक करेल असं बँकवाले म्हणतात.

गेल्या आठवड्यात चौथ्या लिलावाचा कागद लागला. रिझर्व्ह प्राईस 26 लाख 50 हजार. आमच्या विंगमधल्या 23 लाखांच्या व्यवहाराचा इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा) माझ्याकडे आहे, त्याची कॉपी मी बँकेत नेऊन देतो, लिलावाच्या तारखेआधी ती कुणीतरी बघावी एवढी विनंती आपल्या पेपरातून पोचू दे.

आपला,
एक वाचक, बदलापूर पूर्व