पदवीचा खर्च कोणी उचलावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. ज्याला पदवीच्या जोरावर नोकरी मिळते त्यानेच त्या पदवीचा पूर्ण खर्च सोसावा, सरकारने शाळेपर्यंतचे बघावे आणि पुढचे ज्याचे त्याने बघावे, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. त्यांना मुलांच्या शिक्षणाविषयी कळकळ आहे हे पत्रातून जाणवत होते, म्हणूनच त्यांच्या मताला जरा सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. मी उत्तर गोव्यातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात सव्वीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बहुतेक वर्षे शुल्क भरण्याच्या खिडकीमागे काढली. त्या खिडकीतून जे पाहिले त्यावरून माझे मत वेगळे झाले आहे.

प्रवेश सुरू झाले की सत्तरी आणि डिचोलीच्या डोंगराळ भागातले पालक काजूच्या हंगामाचे पैसे घेऊन येत. मार्चपासून मेपर्यंत बिया विकून जे हाती येई, त्यातले मुलांच्या प्रवेशासाठी आधीच बाजूला काढलेले असे. त्यांपैकी एक आई मला अजून आठवते. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि दहा-दहा नोटांची चवड करून खिडकीच्या फळीवर मांडू लागली. बोटांच्या टोकांवर काजूच्या चिकाचे काळे डाग होते. मुलीला बीसीएला, म्हणजे संगणकाच्या पदवीला, प्रवेश मिळाला होता, गुणही चांगले होते. दोनदा मोजूनही रक्कम पुरेना, तेव्हा तिने मला हळू आवाजात विचारले, "सर, आणि बीएची फी किती?" मी आकडा सांगितला. मायलेकी व्हरांड्यात जाऊन थोडा वेळ बोलल्या आणि परत येऊन मुलीने बीसीएचा अर्ज मागे घेतला. बीए हा काही कमी प्रतीचा अभ्यासक्रम नव्हे. पण त्या मुलीने काय शिकायचे हे तिच्या गुणांनी ठरवले नाही आणि आवडीनेही नाही, ते त्या फळीवरच्या चवडींनी ठरवले.

एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना असे दोन भाव का असतात, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. अनुदानित अभ्यासक्रमाच्या शिक्षकांचा पगार सरकार देते, त्यामुळे विद्यार्थ्याकडून घ्यावयाचे शुल्क आटोक्यात राहते. नंतरच्या काळात ज्यांना मागणी आली, त्या संगणक आणि व्यवस्थापनाच्या शाखांपैकी पुष्कळ शाखा अनुदानित महाविद्यालयांतच विनाअनुदानित म्हणून सुरू झाल्या. तिथे शिक्षकाचा पगार, संगणकांची दुरुस्ती, विजेचे बिल असे सगळे शुल्कातूनच भागवावे लागते. याचा दोष मी संस्थाचालकांना देत नाही. नव्या शाखेला अनुदान मिळेनासे झाले, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. मात्र याचा परिणाम असा झाला की ज्या शिक्षणातून लवकर नोकरी मिळण्याची आशा असते तेच महाग झाले, आणि ज्यांना नोकरीची सर्वांत जास्त निकड आहे त्यांच्याच आवाक्याबाहेर गेले.

आपल्या वडीलधाऱ्यांची स्थिती आठवून पाहावी. गोव्याच्या मुक्तीपूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, मॅट्रिकनंतर बीए-बीएस्सी करायचे तर बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, आणि ज्याच्या घरी तेवढी ऐपत नसे त्याचे शिक्षण तिथेच थांबे. 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव शाळा उघडल्या, त्या शाळांतून निघालेली मुले या आणि पुढे निघालेल्या इतर महाविद्यालयांत पोहोचली. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. कूळ म्हणून दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्यांची मुले शिक्षक, परिचारिका, अभियंता, मामलेदार झाली ती याच वाटेने. धेंपे आणि चौगुले या महाविद्यालयांमागे खाण उद्योगातली घराणी उभी राहिली होती. त्या काळी खाजगी पैसा महाविद्यालयात देणगी म्हणून आला. आज तो पालकांच्या खिशातून शुल्क म्हणून येतो, आणि या बदलाची चर्चा आपल्या विधानसभेत व्हावी तेवढी झालेली नाही.

हा बदल आपोआप घडलेला नाही. 1966 मध्ये केंद्राच्या कोठारी शिक्षण आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी असे सांगितले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला, म्हणजे मधल्या अर्ध्या शतकात तो गाठला गेला नाही. दरम्यान नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी दरवर्षीच्या चालू खर्चाचा 15 टक्के आणि पुढे 25 टक्के वाटा स्वतः उभारावा अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाने विनाअनुदानित संस्थांना, नफेखोरी आणि कॅपिटेशन शुल्क (प्रवेशासाठी उकळलेली देणगी) टाळून, स्वतःचे शुल्क ठरवण्याची मोकळीक दिली. आयआयटीचे वार्षिक शिक्षण शुल्क 2016 मध्ये 90 हजारांवरून 2 लाखांवर गेले. गरीब घरांतील मुलांना तिथे मोठी सवलत आहे हे खरे, परंतु सवलतीच्या मर्यादेच्या थोडे वर असलेल्या पगारदाराला ही वाढ संपूर्ण सोसावी लागते.

आता त्या पत्रलेखकांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो. एखाद्या खलाशाने किंवा भाजीवालीने भरलेल्या करातून उद्याच्या डॉक्टरचे शिक्षण का व्हावे, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. पण अनुदान काढून घेतल्यावर भाजीवालीचा कर काही कमी होणार नाही; साबणापासून औषधापर्यंत कितीतरी वस्तूंवर ती जीएसटी भरतेच आहे. कमी होईल ती तिच्या मुलीची डॉक्टर होण्याची शक्यता. शिवाय बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता जो डॉक्टर तिच्या नवऱ्याला तपासतो, त्याच्या शिक्षणाचा लाभ तिलाही मिळतच असतो. पदवीधराला जादा पगार मिळाला तर त्याच्याकडून समाजाचा वाटा घेण्यासाठी आयकर आहे, आणि तो कमाई सुरू झाल्यावर, कमाईच्या प्रमाणात घेतला जातो. वयाच्या सतराव्या वर्षी, अजून एक रुपयाही न कमावलेल्या मुलाकडून तो आगाऊ वसूल करणे मला न्यायाचे वाटत नाही.

मग श्रीमंतांकडून जास्त आणि गरिबांकडून कमी घ्यावे, असा मधला मार्ग सुचवला जातो. तत्त्वतः तो मला मान्य आहे, पण खिडकीमागे बसलेल्या माणसाला त्याची दुसरी बाजूही दिसते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात खेपा घालाव्या लागतात, आणि ज्याच्या रोजंदारीवर घर चालते त्याच्या प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. सरकारी शिपायाचे उत्पन्न पैशापैशापर्यंत कागदावर उघडे असते, तर मोठ्या धंदेवाल्याचे कागदावर बसेल तेवढेच दिसते. शुल्क सवलतीच्या यादीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले, हे पाहून मला अनेकदा वाईट वाटले आहे. म्हणून माझे मत असे की शिकवण्याचा खर्च सर्वांसाठी सरकारने उचलावा, आणि दाखल्यांची तपासणी फक्त वसतिगृह, पुस्तके आणि प्रवास यांच्या जादा मदतीसाठी ठेवावी.

शैक्षणिक कर्ज आहेच की, असे उत्तर हल्ली सहज दिले जाते. त्याचा साधा हिशेब मांडतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख रुपये, सरळव्याजाने 10 टक्के दराने घेतले आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सूट मिळाली, तर पहिला हप्ता भरण्याआधीच 4 लाखांचे 5 लाख 40 हजार झालेले असतात. पुढे दहा वर्षांत त्याच दराने फेडायचे तर महिन्याचा हप्ता 7,100 रुपयांच्या पुढे जातो आणि एकूण परतफेड साडेआठ लाखांवर पोहोचते. ज्याची पहिली नोकरी अठरा-वीस हजारांची आहे त्याने पणजीत किंवा वेर्ण्यात भाड्याची खोली, बसभाडे आणि घरी पाठवायचे पैसे यांतून हा हप्ता कसा काढावा? केंद्राच्या 2024 च्या विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्याजात 3 टक्के सवलतही आहे; पण ती निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांपुरती आहे. आपल्या राज्याच्या शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही, त्या योजनेने कित्येक घरांना हात दिला आहे. तरीही कर्ज बिनव्याजी असले तरी ते कर्जच. ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये अशी पद्धत आणली की पदवीधराचे उत्पन्न एका मर्यादेपुढे गेल्यावरच परतफेड सुरू होते आणि ती कराबरोबर कापली जाते. कर्ज द्यायचेच असेल तर निदान तसे द्यावे, म्हणजे बेकार मुलाच्या बापाच्या दारात बँकेचा माणूस उभा राहणार नाही.

पैसा आणायचा कुठून, या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. आपण सारे आयकरावर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर भरतो. 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी म्हणून जो 1 टक्का उपकर सुरू झाला, तो आता यातच सामावला आहे. उपकराचे उत्पन्न राज्यांना वाटून द्याव्या लागणाऱ्या करांत मोजले जात नाही, म्हणजे ते केंद्राकडेच राहते. उलट खांडोळा, साखळी, केपे येथील सरकारी महाविद्यालयांचा आणि सगळ्या अनुदानित महाविद्यालयांच्या पगारांचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे. शिक्षणाच्या नावाने घेतलेला पैसा ज्यांच्याकडे महाविद्यालये आहेत त्या राज्यांना थेट मिळावा, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत लावून धरायला हवी.

दुसरा स्रोत खुद्द आपल्या मातीतला आहे. खाणी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये बंद पडल्या, तेव्हा घरासमोर उभ्या राहिलेल्या ट्रकांचे मालक माझ्या खिडकीवर हप्त्याने शुल्क भरू देण्याचे अर्ज घेऊन येत असत. त्याआधी तीच माणसे एका दमात रोख रक्कम भरत. खनिज एकदा काढले की संपते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात विक्रीच्या रकमेतील 10 टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. त्याखेरीज खाणमालकांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा खाणग्रस्त भागासाठीच आहे आणि त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांत शिक्षण आहे. या निधीतून खाणपट्ट्यातील मुलामुलींचे पदवीपर्यंतचे शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च भागवला, तर त्याहून योग्य विनियोग मला तरी सुचत नाही. जमीन खणली गेली ती त्यांच्या गावांची. वेर्णा आणि परिसरातील कारखान्यांना शिकलेली मुले आयती मिळतात, तेव्हा कंपनी कायद्यानुसार त्यांतल्या मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर जो 2 टक्के नफा खर्च करावा लागतो, त्यातला काही भाग प्रयोगशाळांसाठी मागायला सरकारने संकोच करू नये.

2023-24 पासून आपल्याकडे नव्या धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासक्रमाला चौथे वर्ष जोडले गेले आहे. तिसऱ्या वर्षी बाहेर पडता येते हे खरे, पण ऑनर्ससाठी चौथे वर्ष हवेच. म्हणजे आणखी एक वर्षाचे शुल्क आणि आणखी एक वर्ष घरात न येणारा पगार. गरीब घरची हुशार मुले तिसऱ्याच वर्षी थांबतील आणि पुढील संशोधनाची वाट सधन घरांसाठी मोकळी राहील, अशी मला भीती वाटते. शेजारच्या महाराष्ट्राने 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. गोवा त्याहून कितीतरी लहान राज्य आहे, इथे हे काम अधिक सोपे असायला हवे.

शेवटी दोन मागण्या; पहिलीला नवा पैसा लागत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम माझ्या काळात बहुतेकदा वर्ष संपत आल्यावर, कधी तर परीक्षेनंतर खात्यावर येत असे. तोवर पालकांनी उसनवारी करून शुल्क भरलेले असायचे आणि आलेली रक्कम त्या उसनवारीच्या व्याजात जायची. मंजुरी मिळालेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या दिवशी काहीही न घेता सरकारने ती रक्कम थेट महाविद्यालयाकडे वळती करावी. दुसरी मागणी मोठी आहे आणि तिला पैसा लागेल: संगणक व व्यवस्थापनाच्या विनाअनुदानित शाखा टप्प्याटप्प्याने अनुदानावर घ्याव्यात. येत्या जूनच्या प्रवेशांपूर्वी उच्च शिक्षण संचालनालयाने निदान पहिल्या मागणीचे परिपत्रक काढावे, ही आपल्या दैनिकामार्फत नम्र विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त महाविद्यालयीन कर्मचारी, डिचोली
(नाव व पत्ता संपादकांकडे)