ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी थुंकीचा पूर्ण रिपोर्ट हातात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा विषय निघाला की रशियाचे नाव येते, मुंबईचे येते. बीड-जालन्याचे कोणी घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ४ लाख लोकांना रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी झाला. त्यात २७ टक्के वाटा एकट्या भारताचा. जगभरात उपचार सुरू झाले ते मात्र जेमतेम पावणेदोन लाखांवर. नव्याने टीबी झालेल्यांत अशा रुग्णांचे प्रमाण ३.२ टक्के आहे, आधी उपचार घेऊन झालेल्यांत १६ टक्के. हा फरक मराठवाड्याने नीट पाहावा, कारण अर्धवट उपचार हा आपल्याकडे हंगामाचाच भाग होऊन बसला आहे.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. भाद्रपदात निदान झालेला रुग्ण दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात जातो. तोवर दोन महिने झालेले असतात, खोकला थांबलेला, वजन वाढलेले. भराभर वाढणारे जंतू मेलेले असतात, पण सुस्त पडलेले जिवंत राहतात आणि त्यांच्यासाठीच पुढचे चार महिने असतात. नेमके तेच उसाच्या फडात बुडतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या माणसाला ‘थांब’ म्हणणे सोपे आहे, थांबणे नाही. म्हणून दोष रुग्णावर ढकलू नये. शिवाय एकही गोळी न चुकवलेल्याला कोपीतल्या (मजुरांच्या झोपडीतल्या) शेजाऱ्याकडून थेट रोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारा, जंतूच मिळू शकतो.

खरी गफलत तपासणीत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या थुंकी तपासणाऱ्या यंत्रांवर रिफाम्पिसिनचा निकाल काही तासांत मिळतो. आयसोनियाझिड हे दुसरे मुख्य औषध चालते का, हे नेहमीच्या या तपासणीत कळत नाही. त्यासाठी नमुना एलपीए या वेगळ्या तपासणीला मोठ्या प्रयोगशाळेत जातो. तो रिपोर्ट गावी येतो तेव्हा रुग्ण फडावर असतो. दोन महिन्यांनी सुरुवातीच्या चार औषधांतले पायराझिनामाइड बंद होऊन तीन उरतात. त्यातले आयसोनियाझिड आधीच निकामी असेल तर सगळा भार रिफाम्पिसिन आणि इथॅम्बुटॉलवर येतो, आणि मग रिफाम्पिसिनही हातचे जाते. वेळेत कळले असते तर लिव्होफ्लॉक्सासिन जोडून सहा महिन्यांत काम झाले असते.

गोळ्या वजनावर ठरतात. चार औषधांच्या एकत्रित गोळ्या २५ ते ३४ किलोला रोज दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. नवरा-बायको दोघे आजारी असले आणि एकाचे पाकीट संपले, तर दुसऱ्याचे वाटून घेतले जाते. मग दोघांनाही डोस कमी पडतो.

रोधक टीबीवर भारताने २०२४ मध्ये मंजूर केलेला बीपाम हा सहा महिन्यांचा उपचार खरोखर मोठी सोय आहे. पूर्वी रोधक टीबीला दीड-दोन वर्षे लागत. यात बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिग्रॅ, नंतर आठवड्यातून तीनदा २०० मिग्रॅ. जोडीला प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन रोज. बेडाक्विलिन शरीरातून जायला कित्येक महिने घेते. रुग्णाने सगळीच औषधे सोडली तर बाकीची काही दिवसांत उतरतात आणि हे एकटेच, अपुऱ्या प्रमाणात, मागे रेंगाळते. जंतूला रोध शिकायला याहून बरी संधी नाही. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होते, नजर अंधूक होते. पण दिवसभर फडात उभ्या असणाऱ्याच्या मुंग्यांकडे कोण लक्ष देणार? ईसीजी आणि रक्ततपासणी ठरल्या वेळी होईल, अशाच ठिकाणी रुग्ण असला पाहिजे. गरोदर बाईला हा उपचार देत नाहीत, हेही टोळीतल्या जोडप्यांना आधी सांगावे लागेल.

म्हणून दसऱ्यापूर्वी ऊसतोडीच्या गावांत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्यांची थुंकी घ्यावी आणि एलपीएचे नमुने त्याच आठवड्यात पुढे जावेत. जाणाऱ्या रुग्णाचा निक्षय (सरकारी टीबी नोंदणी) क्रमांक, कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा मोबाइल नोंदवून रुग्ण तिकडच्या टीबी युनिटकडे वर्ग करावा. नुसते ‘कोल्हापूर’ लिहून भागत नाही, फड दर काही दिवसांनी हलतो. तिकडचा पुरवठा सुरू होईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या सोबत द्याव्यात.

औषध दुकानदारांनीही साध्या खोकल्यावर चिठ्ठीशिवाय लिव्होफ्लॉक्सासिन देणे थांबवावे. त्याने टीबी काही दिवस दबतो, निदान लांबते, आणि वर सांगितलेल्या दोन्ही उपचारांतले एकेक औषध (हे स्वतः आणि त्याच्याच गटातले मॉक्सिफ्लॉक्सासिन) आधीच बोथट होते. लिव्होफ्लॉक्सासिन औषध कायद्याच्या एच-१ यादीत आहे, त्याची वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. ती तपासली जावी.

टोळ्या कुठे उतरणार, हे कारखान्यांच्या शेती विभागाला सर्वांत आधी कळते. साखर आयुक्तालयाने गाळप परवाना देताना ती यादी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याला देण्याची अट घालावी.

आपले,
टीबी उपचाराच्या कामातील वाचक, केज (जि. बीड)