सूचना : पासवर्डची हिरवी पट्टी आणि आपली गुप्तता

सर्व सभासदांना नमस्कार,

पासवर्ड टाकताना खाली दिसणारी ‘कमकुवत – मध्यम – मजबूत’ ही पट्टी बहुतेक ठिकाणी फक्त लांबी आणि मोठी-लहान अक्षरं, अंक, चिन्हं मोजते. त्यामुळे गावाचं नाव, पुढे @ आणि १२३४, एवढ्यावरही ती हिरवी होते. फोडणारे नेमकी हीच रचना आधी तपासतात. ‘ए’च्या जागी @ आणि ‘ओ’च्या जागी शून्य हेही त्यांच्या यादीत असतंच. मुलांची नावं, जन्मसाल, गाडीचा नंबर तर नकोच.

खरा फरक लांबीने पडतो. कुठल्याही क्रमाने घेतलेल्या ८ लहान इंग्रजी अक्षरांचे सुमारे २०,९०० कोटी प्रकार होतात. आणखी ४ अक्षरं जोडली की त्याच्या साडेचार लाख पटींहून जास्त. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले ४-५ शब्द जोडा : विळी, ढग, तिकीट, रांजण असे. (हेच वापरू नका, ते आता सर्वांनी वाचलेत!)

ईमेलचा पासवर्ड इतर कुठेही नको, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते.

आणि कळकळीची विनंती : पासवर्ड किंवा ओटीपी या ग्रुपवर टाकू नका, समिती सदस्यांनाही सांगू नका. चुकून टाकलाच, तर मेसेज डिलीट करून भागत नाही. पासवर्ड लगेच बदला.