उद्यमनगरातल्या मामांना, दोरीच्या यंत्राबद्दल

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर लांबलचक काही वाचत नाही, म्हणून हे तुम्हाला वाचून दाखवायला तुमच्या नातीला सांगितलंय. सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच, की सांगली-साताऱ्याकडचे पोहण्याचे कोच मला फोन करतात, "मॅडम, ते दोरी ओढायचं यंत्र डिझाइन कुणी केलं?" मी म्हणते, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी. त्यांना वाटतं मी उगाच विनय दाखवतेय. तुमचं नाव मात्र इथं लिहीत नाही. "नाव नको ताई, आहे ते गिऱ्हाईक आवरंना झालंय," असं तुम्हीच म्हणाला होता.

वीरधवल खाडेनं २०१०च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. त्यामुळं कोल्हापुरात पोहण्याला पोरं कमी पडत नाहीत, कमी पडतं ते पाणी. टँक बंद असला की जमिनीवरचा सराव, आणि तो म्हणजे खिडकीच्या गजाला रबरी नळी बांधून ओढत बसणं. रबराला तुमच्या वेगाशी देणंघेणं नसतं. जितकं ताणाल तितकं ते जड होतं, आणि शेवटी हात मागे खेचून घेतं. पोहणाऱ्यांचा खांदा आधीच नाजूक, त्यात हा झटका. पुलीवर वजन टांगावं, तर जोरात ओढलं की वजनच वर उडतं आणि दोरी ढिली पडते. पाणी यातलं काहीच करत नाही. हाताचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, आणि हात थांबला की विरोधही संपतो. फ्रीस्टाइलमध्ये हात पुढं पाण्यात शिरताना सावकाश असतो आणि मांडीजवळून सुटताना सर्वांत वेगात असतो. जोर तिथं लागायला हवा.

हे सगळं मी तुमच्या दुकानात उभ्यानंच सांगितलं होतं, लेथ चालू असताना, ओरडून. नौकानयनाच्या व्यायामयंत्रात असतो तसा पंखा लावायचं माझ्या मनात होतं. ब्रेकनं जमणार नाही असं मीच म्हटलं, कारण डिप्लोमात पाठ केलेला कूलोंबचा नियम अजून आठवतो: कोरडं घर्षण दाबावर अवलंबून असतं, वेगावर जवळजवळ नाही. तुम्ही लेथ बंद केला आणि म्हणालात, "मग दाबच वेगावर चालू द्या की."

मामा, या एका वाक्याबद्दल हे पत्र आहे. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

त्यानंतर तुम्ही फळीवरून जुन्या काळ्या टेलिफोनची डायल काढलीत. बोट घालून फिरवली आणि सोडली. कितीही जोर देऊन फिरवा, ती परत येते ठरलेल्या वेगानंच, कारण एक्स्चेंजला सेकंदाला दहाच्या आसपास ठोके हवे असायचे. मागचं झाकण काढून तुम्ही आतली करामत दाखवलीत: एका छोट्या वाटीत फिरणारी दोन बारकी वजनं. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि वाटीला घासतात. घासली की वेग उतरतो. हे घर्षणच आहे, पण त्यावरचा दाब फिरणं स्वतः तयार करतं. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. पाण्याचा हिशेब हुबेहूब हाच! मी वहीत आकडेमोड करत बसले तोवर तुम्ही भंगारातून गिअरलेस स्कूटरचा क्लच उचलून आणलात. त्यातही तेच असतं: शू, म्हणजे घासणारे तुकडे, बाहेर फेकले जातात आणि बाहेरच्या भांड्याला पकडून ते फिरवतात. "भांडं फिरू द्यायचं नाही, बोल्टनं जाम करायचं. झाला ब्रेक," एवढं बोलून तुम्ही चहा मागवलात.

तो क्लच आपण वापरला नाही, पण आपल्या यंत्राची कुळी तीच आहे. दोरीचा ढोल ६० मिलीमीटर व्यासाचा. त्याच्यापुढं सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे ओढताना ब्रेक फिरेल आणि दोरी परत गुंडाळताना सुटा राहील. गुंडाळायला जनरेटरच्या स्टार्टरमधली पट्टीची स्प्रिंग. फ्रीव्हीलपुढं टायमिंग बेल्ट, ७२ दात्यांच्या पुलीवरून १८ दात्यांच्या पुलीवर. दोरी सेकंदाला एक मीटर ओढली की ढोल मिनिटाला सुमारे ३२० फेरे घेतो आणि ब्रेकचा शाफ्ट त्याच्या चौपट. शू दोन, प्रत्येकी ५० ग्रॅमचा. हिशेबानं या वेगाला दोरीवर साधारण १३ किलोचा विरोध येतो. अर्ध्या वेगानं ओढलं तर सव्वातीन किलो, दीडपट वेगानं जवळजवळ ३०. उलट बाजूनं पाहिलं तर जोर दुप्पट केला तरी वेग दीडपटही होत नाही. त्यामुळं आठवीतली पोरगी आणि नॅशनलला जाणारा पोरगा एकाच यंत्रावर ओढतात आणि ज्याला त्याला आपल्या ताकदीपुरतं जड लागतं.

बेल्ट कशाला, थेट ढोलावरच शू बसवू, असंही मी सुचवलं होतं. तुम्ही "बसवून बघा" म्हणालात आणि मी आधी गणित करून बघितलं. थेट बसवले तर एक मीटरच्या वेगाला विरोध येतो जेमतेम २०० ग्रॅमचा! शाफ्टचा वेग चौपट झाला की शूचा दाब सोळापट होतो, आणि तो बेल्टमधून दोरीपर्यंत येताना पुन्हा चौपट होतो. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट. पुलीचं प्रमाण चारऐवजी पाच केलं तर विरोध जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून पुलीला आपण हात लावत नाही. हलकं-जड करायचं असेल तर शूवरच्या बोल्टला वॉशर घालायचे किंवा काढायचे.

आता त्या गोष्टीबद्दल, जी मला एकटीला कधीच सापडली नसती.

पहिलं यंत्र चालायला लागलं तेव्हा शेवटाला फार जड जायचं. मला त्यात वावगं वाटेना, कारण शेवटाला हाताचा वेग वाढतोच. तुम्हाला ते पटलं नाही. "माणसाच्या हातावर भरवसा ठेवून मोजायचं नसतं" म्हणत तुम्ही लेथच्या चकात चार इंची पाइप धरलात, त्याला दोरीचं टोक अडकवलंत, यंत्र चाकाच्या फळीवर ठेवून मागे ताणकाट्यानं बांधलंत आणि मिनिटाला १९० च्या आसपास फेऱ्यांवर लेथ चालू केला. दोरी एकसारख्या वेगानं निघाली, सेकंदाला एक मीटर, आणि काटा तरीही चढत गेला. व्यायामयंत्राची चाचणी लेथवर घेतलेली मी तरी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

"दोरी बघा की. थरावर थर बसल्यात." ढोल अरुंद होता. पूर्ण गुंडाळला की दोरीची त्रिज्या ३६ मिलीमीटर, संपत आली की ३०. त्रिज्या कमी झाली की त्याच वेगाला ढोल जास्त फिरतो, आणि इथंही तोच घन आडवा येतो. ३६ भागिले ३०, म्हणजे १.२. त्याचा घन १.७. सहा मिलीमीटरनं विरोध पावणेदोन पटीच्या घरात नेला होता. तुम्ही नवा रुंद ढोल घेतलात आणि त्यावर साडेचार मिलीमीटर पिचचे आटे पाडलेत, स्क्रूला पाडतात तसेच, दोरी बसेल एवढे खोल. अडीच मीटर दोरी आता चौदा वेढ्यांत एका थरात बसते. पुन्हा लेथवर लावलं तेव्हा काटा चढला आणि एका जागी थांबला.

दुसरी भानगड गुरगुरण्याची. जोरात ओढलं की ब्रेक धरायचा, सोडायचा, धरायचा, आणि दोरी हातात थरथरायची. मी लाइनरला, म्हणजे शूवर चिकटवलेल्या घासणाऱ्या पट्टीला, दोष देत होते. तुम्ही शूची पिन बघितलीत. पिन मागे आणि शूचं टोक पुढं, म्हणजे शाफ्ट शूला ढकलत नेत होता. अशा वेळी घर्षणच शूला आणखी आत रुतवतं, त्यानं दाब वाढतो, दाबानं घर्षण वाढतं. "काठी पुढं टेकवून ढकलत चाला, कुठंतरी रुतणारच. मागं ओढत चाला, घसरत येती." पिन पुढं घेतली, शू मागून फरफटत यायला लागले आणि गुरगुर गेली. पकड थोडी उतरली, तिची भरपाई वॉशरनं झाली. याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. लाइनर तापला की घर्षण थोडं बदलतं, तो फरक ढकललेल्या शूमध्ये फुगून दिसतो आणि ओढलेल्या शूमध्ये दबतो. त्यामुळं सेटच्या सुरुवातीला आणि शेवटी यंत्र जवळपास सारखंच लागतं.

भांडं बिडाचंच हवं हा हट्टही तुमचा. पत्र्याचं स्वस्तात झालं असतं, पण ते वाजलं असतं आणि लगेच तापलं असतं. लाइनर बिनअ‍ॅसबेस्टॉसचा आणायला लावलात आणि धूळ हवेच्या नळीनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, असं पोरांना दम देऊन सांगितलंत. जे कोच हे वाचताहेत त्यांनी एवढं तरी पाळावं.

तुम्हाला सांगायचं राहिलं होतं: ही कल्पना अंतराळात जाऊन आलीय. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅबवर दुसरी तुकडी ५९ दिवस राहिली. वजन नसलेल्या जागेत स्नायू झडू नयेत म्हणून त्यांच्याबरोबर दोरी ओढायचं यंत्र दिलं होतं, बाजारातलं मिनी जिम सुधारून केलेलं. त्यातला ब्रेक असाच, वेगानं बाहेर फेकला जाऊन घासणारा. नातीनं हे वाचलं की तुम्ही काय म्हणणार तेही मला माहीत आहे: "त्यांचा ढोल किती मिलीचा?"

बिलाबद्दल. मी घासाघीस केली, त्याचं मला वाईट वाटत नाही. कोल्हापुरात ती नाही केली तर दुकानदारालाच चुकल्यासारखं होतं. पण त्या बिलात कास्टिंग होतं, टर्निंग होतं, बेअरिंग, पिना, लाइनर चिकटवण्याची मजुरी, सगळं होतं. लेथवर ताणकाटा बांधून घालवलेल्या संध्याकाळींचं काही नव्हतं. विचारलं तर म्हणालात, "ते माझं मला कळायला केलं." ठीक आहे. माझी पोरं त्यावर रोज ओढतात, खांदे दुखत नाहीत, आणि नळी बांधून बांधून वाकलेला खिडकीचा गज शेवटी सरळ करून घेतलाय. त्या पोरांच्या वतीनं आणि माझ्या वतीनं मनापासून आभार.

एक काम आहेच. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी दुसरं यंत्र करायचंय. ढोल तोच ठेवू, शू ३० ग्रॅमचे, आणि शू मागे धरणारी स्प्रिंग जरा नरम, म्हणजे हळू ओढणाऱ्यालाही काहीतरी लागेल. पावसाच्या आधी हवंय. फौंड्रीत भांड्याचं पॅटर्न अजून असेल तर या खेपेला एक ओतून ठेवा, पैसे घेऊन शनिवारी येते. नातीला सांगा, मागच्या वेळी ठरल्याप्रमाणं तिचं पोहणंही यंदा सुरू करायचंय.

तुमची,
पोहण्याच्या मॅडम