पिओनीचा हट्ट सोडशील का?

प्रिय मुक्ता,

तू पाठवलेले बुकेचे सगळे फोटो पाहिले. दर दुसऱ्या फोटोत पिओनी आहे, ते थरथरांच्या पाकळ्यांचं परदेशी फूल, तेव्हा कटू बोलणं आधीच उरकते. तुझ्या दोन्ही तारखांपैकी एकाही दिवशी पिओनी नको. साखरपुडा थंडी सरताना, संध्याकाळी. लग्न कडक उन्हाळ्यात, भर दुपारी, मोकळ्या हिरवळीवर. पिओनीच्या झाडाला आधी कडाक्याचा हिवाळा लागतो आणि मग वसंत संपता संपता ते जेमतेम काही आठवडे फुलतं. थंडीत ती मिळालीच, तर मिटल्या कळीत तोडून, शीतगृहात ठेवून, दुसऱ्या गोलार्धातून विमानाने आलेली असेल. उन्हाळ्यात मिळाली तर सकाळी कळी, दुपारी भलंमोठं फूल आणि फोटो काढेपर्यंत पाकळ्या हिरवळीवर. हट्ट सोडशील का? नाही सोडलास तरी बुके मीच बांधणार आहे, पण कुरकुरत.

फोटोसाठी बांधलेला बुके पाण्याबाहेर दहा मिनिटं छान दिसला तरी काम भागतं. तुझा बुके चार-पाच तास पाण्याबाहेर राहणार, तोही गरम तळहातात. म्हणून मी रंगाकडे नंतर वळते. पाण्याबाहेर हे फूल किती वेळ तग धरेल, ते आधी बघते, आणि त्याचं उत्तर बरंचसं ऋतूच्या हातात असतं. आपल्या ऋतूत वाढलेल्या फुलाचा देठ भक्कम असतो, पाकळी भरदार असते, आणि ते लांबच्या प्रवासाच्या भीतीने कोवळं तोडलेलं नसतं.

गुलाबच घे. तो बारा महिने मिळतो, त्यामुळे त्याला हंगाम नाही असंच सगळे धरून चालतात. पण गारव्यात गुलाब सावकाश वाढतो, कळी मोठी भरते, रंग गडद येतो. तीच जात उन्हाळ्यात घाईने वाढते, कळी बारकी राहते आणि रंग फिका पडतो, कारण लाल-जांभळ्या छटा देणारं अँथोसायनिन उष्णतेत कमी तयार होतं. शेवंतीची गंमत आणखी वेगळी. रात्री मोठ्या झाल्या की ती कळ्या धरते, म्हणून बागाईतदार तिच्यावर काळं कापड ओढून खोटी रात्र करतात आणि वर्षभर फुलं काढतात. मात्र कापडाने अंधार येतो, गारवा येत नाही. उन्हाळ्यातली गुलाबी शेवंती पांढुरकी दिसते ती यामुळे. तेव्हा ‘मिळतंय’ आणि ‘हंगाम आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी समज.

आता साखरपुडा. थंडी सरतानाचा काळ म्हणजे फुलांची चंगळ: रननक्युलस, ट्युलिप, अॅनिमोन, फ्रीशिया, स्वीट पी. यातून मी तुझ्यासाठी रननक्युलस काढलाय. पिओनीत तुला जे आवडतं, ते एकावर एक कागदासारख्या पातळ पाकळ्यांचे थर, याच्यात आहे, फक्त फूल लहान. त्याचा देठ पोकळ आणि नाजूक असतो, पण गारव्यात तो छान राहतो. अॅनिमोनच्या काळ्याभोर मध्यावर तू भाळली आहेस हे दिसतंय, पण कार्यक्रम संध्याकाळचा आहे. अॅनिमोन रात्री मिटतं. ट्युलिपही गारव्यात मिटतो, उबेत उघडतो, आणि तोडल्यावरही त्याचा देठ वाढत राहतो. आदल्या दिवशी नेमका बांधलेला गुच्छ दुसऱ्या दिवशी वेडावाकडा झालेला असतो, एकेक ट्युलिप मान काढून उजेडाकडे वळलेला. फुलदाणीत हे बघायला मला फार आवडतं. बुकेत नको.

साखरपुड्याचा बुके लहान हवा, आणि यावर मी वाद ऐकणार नाही. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष तुझ्या बोटांकडे असतं. अंगठी घालताना बुके दुसऱ्या हातात जाणार, मग परत पहिल्या हातात, मग कुणीतरी धरणार, मग टेबलावर. एका मुठीत सहज मावेल, काटे नसतील, पाणी ठिबकणार नाही, असाच हवा. नाहीतर नाकापेक्षा मोती जड. ब्रिटिश राजघराण्याची सून केट मिडलटन हिचा बुके आठव. लग्न २९ एप्रिल २०११ चं, म्हणजे ऐन वसंतातलं, आणि हातात लिली ऑफ द व्हॅली, हायसिंथ, स्वीट विल्यम, आयव्ही आणि मर्टल एवढंच, छोटासा पांढरा-हिरवा गुच्छ. साऱ्या जगाच्या नजरा असतानाही तिच्या बुकेत वसंतातलीच साधी फुलं होती. त्याआधी तिच्या सासूच्या, डायनाच्या लग्नात, २९ जुलै १९८१ ला, तिच्या हातात गार्डेनिया, स्टेफनोटिस आणि ऑर्किडचा खाली ओघळणारा प्रचंड बुके होता. त्या झग्याने आणि त्या दालनाने तो पेलला म्हणून शोभला. शिवाय गार्डेनियाच्या पाकळीला नुसतं बोट लागलं तरी तिथे तपकिरी डाग उमटतो. तुझ्या घरच्या उत्साही मंडळींच्या हातात ते फूल देण्याचं धाडस माझ्यात नाही.

लग्नाचा बुके मात्र डोक्याला खुराक आहे. भर उन्हात हायड्रेंजिया विसर. तो पाण्यावाचून तासाभरात मान टाकतो. घरी असेल तर फुलाचा अख्खा गेंद पाण्यात बुडवून उठवता येतो, मांडवात ते कोण करणार? डेलिया दिसायला राजस, पण तोडल्यावर कळी फारशी उमलत नाही, म्हणून जवळजवळ पूर्ण फुललेलाच तोडावा लागतो, आणि फुललेला डेलिया उन्हात किती टिकणार! मी लिसिअँथस धरलाय. तो उबेत वाढणारा, मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळांवरचा. दुहेरी पाकळ्यांचा घेतला तर लांबून गुलाब वाटतो. त्याच्याच फांदीवरच्या हिरवट मिटल्या कळ्या तशाच ठेवायच्या, म्हणजे गुच्छ कोंबलेला दिसत नाही. सोबतीला डेंड्रोबियम ऑर्किड, कारण ते पाण्याबाहेर तासन् तास जसंच्या तसं राहतं. कार्नेशनला तू ‘स्वस्तातलं’ म्हणून नाक मुरडलंस, पण उन्हात इतकं इमानी फूल शोधून सापडणार नाही. फिक्या जर्दाळू रंगाची कार्नेशनं तीन-तीन जवळ बांधली की त्यांचा एकच मोठा भरगच्च गेंद होतो. बघ, आणि मग बोल.

सुवासासाठी तू मोगरा म्हणालीस. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात आणि त्या उमलतात दिवस कलल्यावर. भर दुपारी त्या मिटलेल्याच असतील, वासाची अपेक्षा ठेवू नकोस. पण मला त्या मिटलेल्याच हव्यात. तारेत ओवून बुकेच्या कडेने सोडल्या तर मोत्यांसारख्या दिसतील, आणि संध्याकाळी कपडे बदलायला जाशील तेव्हा खोलीभर दरवळतील. निशिगंधाची अख्खी कांडी नको. ती खालून वर फुलत जाते, त्यामुळे खालचं फूल मलूल होईतो वरची कळी हिरवीच असते. त्यातली नेमकी उमललेली फुलं सुटी करून तारेवर घेईन. आणि लिली घ्यायचीच असेल, तर कळी उघडू लागताच मी परागकोश काढून टाकते. तरी कुणाच्या कपड्याला पराग लागलेच, तर चोळायचं नाही, पाणी लावायचं नाही. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलायचे.

दोन्ही दिवशी तेच फूल हवं हा तुझा आग्रह समजतो मला, पण ऋतू वेगळे आहेत. फुलाऐवजी पान सारखं ठेवूया. आयव्हीची कोवळी वेल दोन्ही वेळा बाजूने सोडेन, आणि फीत एकाच थानातली.

फुलं आणायला तू माझ्याबरोबर येणार आहेस, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. गुलाबाची कळी वरून सगळ्यांनाच सुंदर दिसते. तू खाली, हिरव्या पाकळ्यांच्या लगेच वर, दोन बोटांत अलगद दाबून बघ. टणक लागली तर ताजी, मऊ लागली तर शिळी, मग वरून कितीही नटलेली असो. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या चुरगळलेल्या, हिरवट असल्या तर बिचकू नकोस. त्या राखणीच्या पाकळ्या, आतलं फूल जपण्यासाठी मुद्दाम ठेवतात, बांधताना मी काढते. पाकळीवर बारीक करपट ठिपके दिसले तर मात्र ती जुडी सोडून द्यायची. ती बुरशी असते, दमट हवेत रातोरात पसरते.

सगळी फुलं एका दिवशी आणायची नाहीत. लिली चार-पाच दिवस आधी, कारण ती सावकाश उघडते. गुलाब आणि लिसिअँथस दोन दिवस आधी. मोगरा त्याच दिवशी. आणलं की देठ तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी पानं काढायची आणि रात्रभर गार, अंधाऱ्या जागी खोल पाण्यात ठेवायचं. बादली घासूनपुसून स्वच्छ हवी. पाण्यातले जंतूच देठाच्या नळ्या बुजवतात आणि फूल पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा मोह आवर. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने कार्नेशन मिटतात आणि ऑर्किडही लवकर सुकतं. त्यात ऑर्किड उष्ण प्रदेशातलं, त्याला तेवढी थंडीच बाधते.

बांधणी सर्पिल करणार, प्रत्येक देठ आधीच्यावर एकाच दिशेने तिरका. मग गुच्छ मोकळा बसतो आणि मूठ बारीक राहते. फीत देठाच्या टोकापर्यंत नेणार नाही. खालची तीन-चार बोटं उघडी ठेवेन, म्हणजे मधल्या वेळात बुके सरळ पेल्यात उभा करता येईल. हे काम एखाद्या शांत डोक्याच्या माणसाकडे सोपव. तुझ्या धाकट्या भावाकडे नको. धरताना बेंबीच्या उंचीवर धर. फोटो काढणारे छातीशी घ्यायला सांगतील, ऐकू नकोस, गळ्यातलं सगळं झाकलं जातं.

आता तू दोन गोष्टी कर. दोन्ही दिवसांच्या कपड्यांचा एकेक छोटा तुकडा पाठव, फोटो नको. मोतिया पांढरा आणि शुभ्र पांढरा शेजारी आले की एक मळकट दिसतो, आणि ते पडद्यावर कळत नाही. दुसरं, फुलवाल्याकडे नाव सांगताना प्रत्येक फुलाला एक पर्याय मान्य कर. त्या आठवड्यात लिसिअँथस खराब आला, तर मी तिथेच उभ्या उभ्या दुसरं उचलणार, तेव्हा फोन करून रडायचं नाही. तुकडे या आठवड्यात निघाले तर बरं, फितीचं थान मला रंगवून घ्यायचंय.

तुझीच,
रेवा