मुलीच्या फाईलमध्ये आमचेही पान जोडणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली बदली झाल्याचे रुग्णालयाच्या डे केअरमध्ये, म्हणजे मुलांना दिवसभरात रक्त चढवून घरी पाठवतात त्या विभागात, कळले. आपले आभार मानायचे राहून गेले होते. शिवाय मला जे सांगायचे आहे ते माझ्यासारख्या इतर आईवडिलांनी आणि त्यांच्या मुलांवर उपचार करणाऱ्यांनीही वाचावे असे वाटते, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार न होण्याचा आनुवंशिक आजार, तोही तीव्र स्वरूपाचा. अशा मुलांना साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्या रक्तातून शरीरात साठत जाणारे लोह कमी करण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, वजन, उंची, यकृताच्या तपासण्या असे सगळे आकडे तिच्या फाईलमध्ये तारखेनिशी असतात. तिला घेऊन येणाऱ्या माणसांविषयी मात्र त्या जाडजूड फाईलमध्ये ‘सोबत आई’ एवढीच नोंद असे. वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून रुजू झाल्यावर आपण त्या फाईलला आमच्यासाठी एक पान जोडलेत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

त्या पानावर जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि रोजच्या जगण्यात मन रमेल असे काही होते का, एवढेच त्यांत विचारलेले असते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणायचे म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो आणि तो ५० किंवा त्याहून कमी आला तर अधिक चौकशी करायची, हे आपण पहिल्याच दिवशी समजावून सांगितलेत. मुलीच्या तपासणीचा अर्थ डॉक्टर आम्हाला सांगत असत, पण आमच्याच उत्तरांचा अर्थ आम्हाला कुणी सांगावा, हे मला नवीन होते.

ते प्रश्न आपण ज्या रीतीने विचारलेत, ती रीत मला प्रश्नांइतकीच महत्त्वाची वाटते. सासूबाई किंवा नणंद सोबत असली की आपण त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगत असत, कारण घरच्यांसमोर कोणतीही सून ‘सगळे ठीक आहे’ हेच उत्तर देणार, हे आपण जाणून होतात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना प्रश्न वाचून दाखवताना आपण उत्तर कधी सुचवले नाहीत. रक्ताची पिशवी मिळेल की नाही या धास्तीत असलेली आई आणि पिशवी लागल्यावर निवांत झालेली आई वेगवेगळी उत्तरे देते, म्हणून आपण प्रत्येक वेळी एकाच टप्प्यावर, पिशवी सुरू झाल्यानंतरच, विचारत असत. माझा आकडा शेजारच्या खाटेजवळच्या आईशी न जुळवता माझ्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहिलात. मोजमाप करावे तर इतक्या काळजीने करावे.

माझा आकडा सलग कमी येऊ लागला तेव्हा आपण मला धीर देऊन परत पाठवले नाहीत. आधी माझी शारीरिक तपासणी करून घेतलीत. मी स्वतः थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराची केवळ वाहक असल्याने माझे हिमोग्लोबिन थोडे कमीच असते, आणि थकव्याचे सगळे खापर त्यावर फोडून मी गप्प बसले होते. तपासणीत थायरॉइडचा त्रास निघाला. त्यानंतर आपण नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी घेतलीत आणि मानसोपचार विभागात मला स्वतः नेऊन बसवलेत. तिथे मी पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितले की मुलीचा आजार माझ्याकडूनच आला असे नातेवाईक म्हणतात आणि मलाही ते खरे वाटू लागले आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते, यात दोष कुणाचाच नसतो, ही गोष्ट आपण माझ्या घरच्या सर्वांना एकत्र बसवून समजावलीत. त्या एका बैठकीचे उपकार मी कधीही विसरणार नाही.

वडिलांचे पान वेगळे ठेवण्याचा आग्रहही आपलाच. मुलाला घेऊन बहुधा आईच येते, त्यामुळे वडिलांना कुणी काही विचारतच नाही. रक्तदाते शोधणे, रजा मागणे, पगार कापला जाणे, हे सगळे माझे यजमान न बोलता सोसत होते. त्यांचा आकडा माझ्यापेक्षाही कमी आला, तेव्हा कुठे मला ते कळले. त्यांच्यासाठी दिलासा समुपदेशनापेक्षा कागदपत्रांतून आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, हे सांगून आपण प्रमाणपत्राची सगळी प्रक्रिया करून दिलीत. आकडा अडचण आहे एवढेच सांगतो, ती कोणती हे माणसाला विचारूनच कळते, असे आपण म्हणत असत.

कुटुंबावर होणारा परिणाम अधिक बारकाईने मोजणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत. अमेरिकेतील जेम्स वार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३६ प्रश्नांच्या प्रश्नावलीत पालकांची शारीरिक व मानसिक स्थिती, काळजी, रोजची कामे आणि घरातील नातेसंबंध असे सगळे विचारलेले आहे. गर्दीच्या दिवशी ती भरून घेणे अवघड आहे, हे मी पाहते. पण पाच प्रश्नांना पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि जिथे जिथे मुले वर्षानुवर्षे उपचारांसाठी येतात तिथे, मग आजार मधुमेह असो, कर्करोग असो की मूत्रपिंडाचा, एवढे तरी व्हायला हवे असे मला ठामपणे वाटते.

एक विनंती आहे. आपल्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यांना ही पाने कशी भरायची ते आपण कळवावे, विशेषतः आईला एकटीला विचारायचे आणि वडिलांना वगळायचे नाही, या दोन गोष्टी. नव्या ठिकाणीही आपण हे काम सुरू कराल याची मला खात्री आहे. तिथल्या पालकांशी कुणी अनुभवी पालकाने बोलावे असे वाटले, तर मला अवश्य बोलवावे. मी येईन.

आपली कृतज्ञ,
थॅलेसेमिया असलेल्या एका मुलीची आई