नेरूळच्या स्टेडियमची पहिली तारीख मुलींच्या सामन्यांना द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून खेळाडूंवर भरभरून लिहिलं गेलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. मैदानाबद्दल मात्र माझ्या वाचनात फारसं आलं नाही. मी नेरूळची रहिवासी आहे, शाळेत पी.टी. शिकवत निवृत्त झाले. हे स्टेडियम उभं राहिलं तेव्हापासून तिथे काय काय झालं ते बघत आले आहे, आणि त्यावरून एक मागणी करायची आहे. या मैदानाच्या वर्षभराच्या तारखा ठरतात तेव्हा पहिली तारीख महिलांच्या सामन्यांसाठी राखली जावी. आजवर सगळीकडे त्यांच्या वाट्याला उरलीसुरलीच आली आहे.

स्टेडियम २००८च्या मार्चमध्ये सुरू झालं. वास्तुरचना हफीझ काँट्रॅक्टर यांची. छप्पर मागच्या बाजूने पेललेलं असल्यामुळे प्रेक्षकांच्या नजरेसमोर एकही खांब येत नाही. खांबाआडून मान वाकडी करून ज्यांनी सामने पाहिले आहेत त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. बसायची सोय पंचेचाळीस हजारांच्या वर. त्याच वर्षी आयपीएल सुरू झाली आणि १ जूनला तिचा पहिला अंतिम सामना इथे झाला. शेन वॉर्नच्या राजस्थानने धोनीच्या चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवलं. २०१०चा अंतिम सामनाही इथलाच, त्यात चेन्नईने मुंबईला नमवलं.

अशी दणक्यात सुरुवात झाल्यावर पुरुषांचे आंतरराष्ट्रीय सामनेही आता नेरूळला येतील असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. एक ठरलाही होता. ११ नोव्हेंबर २००९, भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतला सातवा एकदिवसीय. नेमकं त्याच दिवशी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला. पुढे २०११च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं रूप पालटलं आणि मोठे सामने पुन्हा चर्चगेटला गेले. पुण्याच्या संघाचं गहुंजेचं मैदान तयार नव्हतं म्हणून २०११मध्ये आयपीएलचे काही सामने इथे झाले, पुढची बरीच वर्षं तेवढेच.

एवढी मोठी वास्तू रिकामी ठेवणं कुणालाच परवडत नाही. मग तिथे फुटबॉल आला. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी संघाचं घरचं मैदान हेच होतं. युरोपातल्या मोठ्या संघांतून खेळलेले अनेल्का आणि युंगबर्गसारखे खेळाडू नेरूळमध्ये खेळायला येतील हे आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. २०१७ला सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, त्यातला स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना इथे रंगला. क्रिकेटच्या मैदानावर फुटबॉल खेळवायचं म्हणजे मधला खेळपट्ट्यांचा चौक ही मोठी डोकेदुखी असते. रोलर फिरवून फिरवून तिथली माती दगडासारखी घट्ट झालेली असते, आणि फुटबॉलला तर या गोलपासून त्या गोलपर्यंत सारखं, मऊ गवत लागतं. ग्राउंड्समन मंडळी हे कसं जमवतात याचं कौतुक वर्तमानपत्रात कधी होत नाही, म्हणून इथे मुद्दाम करते.

गाण्याचे कार्यक्रमही झाले. २०१७ला जस्टिन बीबर, २०१९ला यू-टू, २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम. त्या दिवसांत नेरूळ-जुईनगरच्या रस्त्यांवर काय गर्दी असते ते आम्ही भोगतो. तरीही माझा या कार्यक्रमांना विरोध नाही. स्टेडियमचा खर्च कुठून तरी निघायला हवा. काळजी आहे ती गवताची. त्यावर आच्छादन टाकून हजारो माणसं उभी करायची आणि ते जास्त दिवस तसंच ठेवायचं, तर गवत पिवळं पडतं आणि सावरायला वेळ घेतं. कार्यक्रम आणि सामना यांच्यात किती दिवस मोकळे ठेवायचे, हे तारखा देतानाच ठरायला हवं.

आता मुख्य मुद्दा. २०२२पासून या मैदानाने जे पाहिलं ते बहुतेक मुलींमुळे. २०२२च्या जानेवारीत महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने इथे सुरू झाले. आपल्या मुलींनी इराणशी गोलशून्य बरोबरी केली, आणि पुढच्या सामन्याआधी संघात करोना पसरल्यामुळे त्यांना स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं. मायदेशात चालून आलेली संधी अशी हातची गेली, याची हळहळ मला अजून आहे. अंतिम सामना मात्र अफलातून झाला. दोन गोलने मागे पडलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच झाला, स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं.

आणि मग ११ डिसेंबर २०२२. भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी. दोन्ही संघांच्या १८७ धावा, सामना टाय, मग बरोबरी फोडणाऱ्या जादा षटकात, म्हणजे सुपर ओव्हरमध्ये, भारत विजयी. पंचेचाळीस हजारांच्या वर लोक आले होते. मी वरच्या स्टँडमध्ये होते. माझ्या पुढच्या रांगेत एका कुटुंबातल्या तीन पिढ्या बसल्या होत्या, आजीच्या मांडीवर पोळीभाजीचा डबा. स्मृती मानधना फटका मारायची की आजी डबा धरूनच उठून उभ्या राहायच्या आणि नात त्यांचा पदर ओढून खाली बसवायची. सामन्यानंतर खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली, तेव्हा ती नात कठड्याला लटकून एकेकीला नावाने हाका मारत होती. अकराच्या अकरा नावं तिला पाठ होती. मी तीस वर्षं मुलींना खेळवलं, पण इतक्या लहान मुलीच्या तोंडी इतक्या महिला खेळाडूंची नावं मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

पुढे ४ मार्च २०२३ला महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना इथे झाला. डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी झाली, मायदेशात २०१४नंतरची आपल्या मुलींची पहिली. दीप्ती शर्माने पहिल्या डावात अवघ्या सात धावांत पाच बळी घेतले आणि भारत ३४७ धावांनी जिंकला. महिला कसोटीत धावांच्या हिशेबाने त्याहून मोठा विजय त्याआधी कुणाला मिळाला नव्हता.

एवढं सगळं होऊनही २०२५च्या विश्वचषकाचं मूळ वेळापत्रक आलं तेव्हा त्यात नेरूळ नव्हतं. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर जूनमध्ये चेंगराचेंगरी होऊन अकरा जीव गेले, तिथले सामने हलवावे लागले, आणि ऑगस्टमध्ये आपलं स्टेडियम बदली म्हणून आत आलं. मग इथे काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. पावसाने ओल्या झालेल्या मैदानात बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला, तिच्या जागी मूळ संघात नसलेली शफाली वर्मा आली. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या जोरावर पार झाल्या. अंतिम सामन्याला पावसामुळे दोन तास उशीर झाला, पण लोक जागेवरून हलले नाहीत. शफालीने ८७ धावा केल्या, वर दोन बळी घेतले. दीप्तीने पाच घेतले. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे धावत जाऊन टिपला तेव्हा मध्यरात्र झाली होती.

काही जण म्हणतात, २०२२ला प्रवेश फुकट होता म्हणून गर्दी झाली. मान्य, प्रवेश मोफत होता. पण नेरूळहून परतीची लोकल पकडून रात्री उशिरा डोंबिवली-पनवेलला जाणारी माणसं केवळ फुकट आहे म्हणून शेवटच्या चेंडूपर्यंत थांबत नाहीत. विश्वचषकाला तिकीट होतं, शंभर रुपयांपासून. तरी स्टेडियम निळं झालं होतं. मुलींच्या सामन्यांना माणसं येत नाहीत, हे कारण वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं. मोठं मैदान, सोयीची वेळ आणि परवडणारं तिकीट दिल्यावर माणसं येतात, हे या एका स्टेडियमने दाखवून दिलं.

आधी काय परिस्थिती होती हे तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. १९७३मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. ते दिवस जाऊ द्या, २०१३चं बघा. महिलांचा विश्वचषक मुंबईत होता आणि वानखेडेवरचे सामने आधीच ठरलेले होते. मुंबईचा संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि त्या सामन्यासाठी वानखेडे मोकळं करून विश्वचषकाचे सामने दुसरीकडे हलवले गेले. विश्वचषकाचे! मी काम केलेल्या शाळेत मुलांच्या संघाचा सराव आटोपल्यावर अंधार पडेपर्यंतचा वेळ मुलींना मिळायचा. वानखेडेची ती बातमी वाचली तेव्हा आमचं मैदान डोळ्यांसमोर आलं.

म्हणून विनंती आहे, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला, मुंबई क्रिकेट असोसिएशनला आणि स्टेडियमच्या व्यवस्थापनालाही, ज्यांनी मुलींसाठी हे मैदान खुलं केलं याबद्दल आम्ही नेरूळकर त्यांचे आभारी आहोत. दरवर्षी महिलांची एक कसोटी आणि एक मर्यादित षटकांची मालिका इथे व्हावी. त्यांच्या तारखा हंगामाच्या सुरुवातीला जाहीर व्हाव्यात, आणि एकदा जाहीर झाल्या की कुठल्याही कार्यक्रमासाठी किंवा पुरुषांच्या सामन्यासाठी त्या हलवल्या जाऊ नयेत. कसोटीच्या दिवशी नवी मुंबईतल्या शाळांच्या मुलींना वर्गावर्गाने आणायची सोय व्हावी. कसोटी दिवसा असते, शाळेला जमते, आणि स्टेडियममध्ये जागा भरपूर आहे. सामना रात्री संपणार असेल तर रेल्वेने हार्बर मार्गावर जादा लोकल सोडावी आणि एनएमएमटीने, म्हणजे नवी मुंबईच्या पालिका बससेवेने, स्टेडियमजवळच्या एल.पी. थांब्यापासून स्टेशनपर्यंत बस ठेवाव्यात. एकट्यादुकट्या बायका-मुली सामन्याला येणार की नाही, हे बरंचसं त्यावर अवलंबून असतं.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर होईल तेव्हा आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी मंडळाच्या पत्रकार परिषदेत हा प्रश्न जरूर विचारावा, की नेरूळला मुलींची पुढची कसोटी कधी? जे उत्तर मिळेल ते छापावं, आणि उत्तर मिळालं नाही तर तेही छापावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
नेरूळ, नवी मुंबई